घरामागच्या खाडीवर धक्का बांधून घ्यायचा आहे, कंत्राटदार कसा पारखावा?

ओहोटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसजवळ, सेव्हर्न नदीला मिळणाऱ्या एका लहानशा खाडीच्या काठी आम्ही दोन वर्षांपूर्वी घर घेतले. घरामागे स्वतःचा किनारा आहे, पण धक्का नाही. पूर्वी कधी काळी असलेल्या धक्क्याचे चार कुजके खांब तेवढे चिखलातून वर आलेले आहेत आणि त्यांच्यावर सकाळी बगळा येऊन बसतो. आम्हाला तिथे साधारण ९० फूट लांब व ६ फूट रुंद अशी लाकडी वाट, तिच्या टोकाला २०० चौरस फुटांचा चौथरा आणि आमची १८ फुटी बोट पाण्याबाहेर उचलून ठेवण्याची सोय, एवढे बांधून घ्यायचे आहे.

मागच्या वर्षी या कामात एकदा हात पोळून घेतले आहेत. एका कंत्राटदाराने परवान्याच्या कागदपत्रांसाठी म्हणून ४,००० डॉलर आगाऊ घेतले, तीन महिने "अर्ज सरकारदरबारी अडकला आहे" असे सांगितले, आणि शेवटी मी स्वतः चौकशी केली तेव्हा आमच्या पत्त्यावरून कोणताही अर्ज दाखलच झालेला नाही असे समजले. बरीच पत्रापत्री केल्यावर निम्मे पैसे परत मिळाले; उरलेले आराखड्याचे म्हणून गेले. तो आराखडा म्हणजे आमच्या घराच्या उपग्रहचित्रावर ओढलेली एक लाल रेघ होती.

आता तीन नवी दरपत्रके हातात आहेत : ३८,४००, ५२,००० आणि ६१,५०० डॉलर. जागा तीच, माप तेच, मग एवढी तफावत कशी? यजमानांचे म्हणणे असे की मधले घ्यावे आणि मोकळे व्हावे. केवळ मधले आहे म्हणून ते योग्य आहे, हे माझ्या मनाला पटत नाही. कोणी असे काम करून घेतले असल्यास किंवा त्यातले कळत असल्यास कृपया सविस्तर लिहावे.


मचवा

ताई, मी रत्नागिरीचा. बंदरांच्या कामांवर तीस वर्षे काढून निवृत्त झालो. अमेरिकेतले कायदे मला ठाऊक नाहीत, त्यावर तिकडची मंडळी लिहितीलच; चिखल मात्र सगळीकडे सारखाच वागतो, म्हणून लिहितो.

तुमच्या तीन आकड्यांचे मला नवल वाटले नाही. तुम्ही तिघांना दर विचारलात, पण धक्का कोणता हवा ते सांगितले नाहीत. लांबी-रुंदी सांगितलीत, म्हणजे पाण्यावर दिसणारा भाग सांगितलात. खांब किती, किती लांबीचे, टोकाशी किती जाड, गाळाखाली घट्ट जमिनीत किती रोवायचे, लाकडात औषध किती मुरवलेले, तुळया खांबांना बोल्टने आवळायच्या की नुसत्या खिळ्यांनी ठोकायच्या, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने धरले असणार. तेव्हा ते तीन दर एका धक्क्याचे नाहीत, तीन निरनिराळ्या धक्क्यांचे आहेत आणि त्यांची तुलना होऊ शकत नाही.

आधी एक काम करा. अर्धा इंची लोखंडी नळाचे दहा-दहा फुटांचे दोन तुकडे सांधून घ्या आणि पूर्ण ओहोटीला लहान होडीतून धक्क्याच्या नियोजित रेषेवर जा. दर ३० फुटांवर दोन मापे घ्या : पाणी किती, आणि नुसत्या हाताच्या जोराने नळ गाळात किती जातो. जिथे नळ थबकतो, तिथून खरी जमीन सुरू होते असे समजा. याला भूस्तर-तपासणी म्हणत नाहीत, पण कंत्राटदाराशी बोलताना तुमच्या हातात चार आकडे असतील आणि समोरचा माणूस त्यांचे काय करतो त्यावरून तो कळेल.

आमच्या एका कामावर (गावाचे नाव सांगत नाही) किनाऱ्याजवळ एकच छिद्र घेऊन त्यावरून सगळ्या खांबांची लांबी ठरवली होती. बाहेरच्या टोकाला पहिला खांब उभा केला, तर घणाचा पहिला ठोका बसायच्या आतच तो स्वतःच्या वजनाने माणूसभर खाली गेला. पुढचे दोन महिने खांबांना जोड देण्यात गेले.


घरकोंबडा

अज्ञानातून विचारतो. एवढे खांब ठोकण्यापेक्षा तरंगता धक्का घेतला तर स्वस्त पडणार नाही का? मुंबईत प्रवासी बोटींसाठी तरंगते तराफे पाहिले आहेत.


मचवा

प्रश्न रास्त आहे. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. तिथे स्थिर धक्का बांधला, तर ओहोटीला बोट एक मजला खाली जाते आणि माणसे शिडीने उतरवावी लागतात. म्हणून तराफा आणि त्यावर टेकलेला उतरता पूल. ताईंच्या खाडीला भरती-ओहोटीत किती फरक पडतो ते त्यांनी सांगावे. फूट-दोन फूट असेल तर स्थिर धक्काच बरा. तराफ्यालाही जागेवर धरून ठेवायला खांब लागतातच, आणि उथळ जागी ओहोटीला तो गाळावर बसून खालून झिजतो.


शिंपला

मी त्याच भागात, दुसऱ्या खाडीवर राहते, तेव्हा त्यांच्या वतीने सांगते. आमच्याकडे चंद्राच्या भरतीचा फरक जेमतेम एक फूट आहे. मात्र हिवाळ्यात वायव्येचा वारा दोन दिवस लागून राहिला की तो चेसापीक उपसागरातले पाणी समुद्राकडे रेटतो आणि खाडीचा तळ उघडा पडतो. याउलट सप्टेंबर २००३ मध्ये इसाबेल वादळात अ‍ॅनापोलिसच्या रस्त्यांत पाणी शिरले होते. त्यामुळे पाण्याची खोली मोजताना एका दिवसाच्या ओहोटीवर विसंबू नका. धक्क्याची उंची ठरवताना जुन्या शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्या धक्क्यांच्या फळ्या कोणत्या वर्षी आणि किती सुटून गेल्या हे त्यांना तारखेनिशी पाठ असते.

आता परवान्यांबद्दल. मेरीलँडमध्ये सरासरी भरतीरेषेखालची जमीन राज्याची असते. किनारा तुमचा, पण धक्का उभा राहणार तो राज्याच्या जमिनीवर. त्यासाठी राज्याचा पर्यावरण विभाग आणि केंद्राचे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स यांच्याकडे एकच संयुक्त अर्ज करावा लागतो, आणि काउंटीची बांधकाम परवानगी वेगळी. घरामागच्या लाकडी धक्क्यात लष्कराचा काय संबंध, असे मलाही वाटले होते; जहाजे चालू शकतील अशा पाण्यात काहीही उभारायचे तर त्यांची परवानगी हवी, हा १८९९ चा कायदा आहे. अर्जावर मालक म्हणून सही तुमची असते. कंत्राटदार तुमच्या वतीने अर्ज भरू शकतो, पण अर्जाची प्रत आणि दाखल क्रमांक हातात येईपर्यंत त्याला "कागदपत्रांचे" पैसे देऊ नका. मागच्या वर्षी तुम्ही नेमक्या इथेच फसलात.

दुसरे, पाण्यातली बांधकामे करणाऱ्या कंत्राटदारांसाठी मेरीलँडमध्ये स्वतंत्र परवाना मंडळ आहे. अंगणातला लाकडी मंच उत्तम बांधणारा सुतार धक्काही बांधू शकेलच असे नाही आणि कायद्यालाही ते मान्य नाही. परवाना क्रमांक मागा आणि तो चालू आहे ना ते स्वतः तपासा. व्हॅनवर रंगवलेला क्रमांक पुरेसा नाही.

तिसरी गोष्ट माझ्या अनुभवाची. भरतीच्या पाण्यापासून १,००० फुटांपर्यंतची जमीन १९८४ च्या कायद्याने विशेष संरक्षित आहे आणि त्यातल्या पहिल्या १०० फुटांत झाडझाडोऱ्याला हात लावायलाही परवानगी लागते. आमच्या कंत्राटदाराने दरपत्रकात यंत्र कुठून आणणार ते लिहिले नव्हते. आम्ही तराफ्यावरून येईल असे धरून चाललो होतो. मी कामावर गेले असताना त्याने ते अंगणातून आणले, वाटेतली झुडपे आणि होली जातीचे एक मोठे झाड साफ केले आणि सांडपाण्याच्या शोषक नळांवरून साखळीची चाके नेली. झाडे आम्हाला पुन्हा लावावी लागली, नळ आम्हाला बदलावे लागले, कारण जमीन आमची आणि नोटीसही आमच्याच नावाची. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगते की "यंत्र पाण्यातून येणार की जमिनीवरून" हा प्रश्न दराच्याही आधी विचारा.

शेजाऱ्यांशी आधी बोला, हेही सांगते. तुमच्या हद्दीच्या रेषा पाण्यात पुढे वाढवल्या, तर वळणाच्या खाडीत त्या एकमेकींना छेदतात, आणि धक्का शेजाऱ्याच्या बाजूला जास्त सरकला तर हरकत येते. आमच्या शेजारच्या आजोबांना नकाशा घेऊन घरी जाऊन दाखवला, चहा झाला, प्रश्न मिटला.


जललहरी

आम्ही उत्तर कॅरोलायनात लेक नॉर्मनवर आहोत. तुमच्याकडे भरती, आमच्याकडे वीज कंपनी. कोवान्स फोर्ड धरणामुळे तयार झालेला हा जलाशय ड्यूक एनर्जीच्या ताब्यात असल्यामुळे धक्क्याची परवानगी त्यांच्याकडून घ्यावी लागते. समुद्रसपाटीपासून ७६० फूट ही तलावाची पूर्ण पातळी. धक्क्याखाली पाणी किती हे त्या पातळीला मोजलेले असते, आणि पाणी उतरवले की बोट उचलण्याच्या यंत्राखाली चिखल उरतो. आमच्या पहिल्या कंत्राटदाराने भरलेल्या तलावात मोजमाप केले होते. तेव्हा मचवाकाकांचा पूर्ण ओहोटीचा आग्रह इथेही तितकाच लागू आहे.


ओहोटी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काका, शनिवारी सकाळी ओहोटीला आम्ही दोघे होडीतून गेलो. यजमानांनी नळ धरला आणि मी आकडे लिहिले. किनाऱ्यापासून ३० फुटांवर पाणी १ फूट आणि नळ गाळात ३ फूट गेला. ६० फुटांवर पाणी २ फूट, गाळ साधारण साडेपाच फूट. ९० फुटांवर पाणी ३ फूट, आणि नळ ९ फूट आत जाऊन मग थबकला. बाहेर ओढताना त्याला चिकटून आलेला गाळ काळा, लोण्यासारखा मऊ आणि भयंकर वासाचा होता.

मग तिन्ही दरपत्रके तुमच्या प्रश्नांसह पुन्हा वाचली. पहिल्यात खांब "२० फूट, औषधी" एवढेच आहे. दुसऱ्यात २५ फुटी खांब आहेत, औषधाचे प्रमाण लिहिलेले आहे, पण बोटीच्या उचलयंत्राचा उल्लेख नाही. फोन केल्यावर ते "वेगळे पडेल" असे म्हणाले. तिसऱ्यात वाटेचे खांब २५ फूट, उचलयंत्राचे ३० फूट, घट्ट जमिनीत किमान ८ फूट रोवणे, बोल्ट आरपार, आणि जुने खांब काढून नेण्याचा खर्चही धरलेला आहे.


मचवा

आता हिशेब करू. टोकाला ओहोटीचे पाणी ३ फूट. त्यावर भरतीचा १ फूट आणि फळ्यांपर्यंत आणखी ३ फूट धरले, तर खांबाचे ७ फूट गाळाच्या वर राहणार. २० फुटी खांबाचे उरले १३. त्यातले ९ मऊ गाळात, म्हणजे घट्ट जमिनीत फक्त ४. वाट कदाचित उभी राहील. पण उचलयंत्राचा खांब फळ्यांच्याही वर ६ फूट हवा. तिथे तोच २० फुटी खांब लावला, तर गाळात जाणार ७ फूट आणि तो सगळा लोणीच. तुमची बोट त्या लोण्यावर टांगलेली असेल. पहिल्या माणसाने हा विचार केलाच नसावा, किंवा केला असेल तर तुम्हाला सांगितला नाही.

तुमच्या खाडीत बर्फ धरत असेल, तर हे आणखी महत्त्वाचे. बर्फ खांबाभोवती मूठ आवळतो आणि भरतीबरोबर वर सरकताना खांब दातासारखा हिसकतो. दर भरतीला थोडा थोडा. वसंतात धक्का उंटाच्या पाठीसारखा दिसू लागतो. मी हे कोकणात पाहिलेले नाही, नॉर्वेहून आलेल्या एका अभियंत्याने छायाचित्रे दाखवली होती.

औषधाबद्दल दुसऱ्याने जे प्रमाण लिहिले आहे ते कृपया इथे द्या.


ओहोटी (धागाकर्ती)

दुसऱ्यात घनफुटाला ०.८ पौंड, तिसऱ्यात २.५ पौंड. दोन्ही ठिकाणी औषध सीसीए, म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे मिश्रण. आर्सेनिक वाचून मी थोडी दचकले.


सुतारपक्षी

आर्सेनिकमुळेच अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या बहुतेक लाकडातून सीसीए गेले; पाण्यातल्या खांबांसाठी मात्र ते अजून चालते, कारण तिथे त्याच्या तोडीचे स्वस्त दुसरे काही नाही. खांब सीसीएचे असले तरी पाय लागतो त्या फळ्या आणि हात लागतो तो कठडा त्या औषधाचा नसावा, एवढे पाहा.

२.५ पौंड हे खाऱ्या पाण्यातल्या लाकूड पोखरणाऱ्या किड्यांसाठीचे प्रमाण आहे. हा किडा दिसायला जंत, जातीने शिंपल्यांचा भाऊबंद. लाकडाला बाहेरून टाचणीएवढे भोक आणि आतून सगळी चाळण. त्याला खारे पाणी लागते, म्हणून चेसापीकच्या दक्षिणेला, मुखाकडे तो जास्त आणि वरच्या मचूळ खाड्यांत कमी. तुमच्या जागी ०.८ पुरेल असे कोणी म्हणाला, तर तो लबाडच आहे असे समजू नका. त्याला तसे लेखी द्यायला सांगा. कोरड्या उन्हाळ्यात खारेपणा वर सरकतो, हे मात्र लक्षात असू द्या. मी असतो तर खांबांवर पैसे घातले असते आणि फळ्यांवर वाचवले असते. फळ्या वीस वर्षांनी दोन सुट्ट्यांत बदलता येतात.

खांबाचे वरचे टोक कापले की आतला औषध न पोचलेला गाभा उघडा पडतो. त्यावर त्याच दिवशी औषधाचा हात फिरवून टोपी बसवायला हवी. लोक ही टोपी शोभेची समजतात. बोल्ट गरम जस्तात बुडवून काढलेले असावेत. नुसत्या चकचकीत मुलाम्याचे बोल्ट तांब्याच्या औषधाशी आणि खाऱ्या हवेशी झगडत फार टिकत नाहीत.


तारयंत्री

मी मिशिगनमध्ये विजेच्या क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे बहुतेक लोक धक्का हिवाळ्याआधी सोडवून काठावर रचून ठेवतात, त्यामुळे खांबांचे प्रश्न आम्हाला कमी. विजेबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण इथे अजून कोणी दिव्यांचा आणि उचलयंत्राच्या मोटारीचा विषयच काढलेला नाही.

धक्क्यावरची वायर किंवा बोटीतले उपकरण बिघडून पाण्यात प्रवाह झिरपू लागला, तर पोहणाऱ्या माणसाचे स्नायू आखडतात आणि तो हाक न मारता बुडतो. गोड्या पाण्यात हा धोका जास्त असतो, कारण तिथे माणसाचे शरीर पाण्यापेक्षा चांगले वाहक ठरते आणि प्रवाह त्याच्यातून वाट काढतो. तुमचे पाणी मचूळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. धक्क्यावरच्या साध्या सॉकेटला ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटणारे संरक्षण हवे, आणि बोटीला वीज पुरवणाऱ्या जोडणीला ३० मिलिअँपिअरपर्यंतचे. हे काम परवानाधारक वीजतंत्र्याचे आहे. खांब ठोकणाऱ्याने "तेही आम्हीच ओढून देऊ" असे म्हटले, तर त्याच्याकडे त्याचा वेगळा परवाना मागा. बटण घराशी ठेवा, म्हणजे मुले पाण्यात उतरण्याआधी सगळी वीज तोडता येते. आमच्या घरी तोच नियम आहे आणि पाहुण्यांना तो आधी सांगितला जातो.


कागदपत्र

न्यू जर्सीत विमा क्षेत्रात आहे, म्हणून कराराविषयी.

पैशांचे हप्ते तारखांवर बांधू नका, कामावर बांधा. मेरीलँडच्या घरदुरुस्ती कायद्यात कंत्राटदाराला एकूण रकमेच्या एक तृतीयांशाहून जास्त आगाऊ घेता येत नाही. तेही अर्ज मंजूर होऊन माल मागवण्याच्या वेळी द्यावे, सही करतानाच नव्हे. पुढचा हप्ता खांब ठोकून झाल्यावर, तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणी ते पाहिल्यावर. शेवटचा हप्ता काउंटीच्या तपासनिसाची सही झाल्यावर, आणि तो इतका मोठा ठेवा की त्यासाठी माणूस परत येईल.

प्रत्येक हप्त्याबरोबर लाकूड पुरवणाऱ्याची आणि पोटकंत्राटदाराची पैसे मिळाल्याची लेखी पावती मागा. तुम्ही कंत्राटदाराला सगळे चुकते केलेत आणि त्याने लाकूडवाल्याला थकवले, तरी काही परिस्थितीत लाकूडवाला तुमच्या घरावर बोजा चढवण्यासाठी न्यायालयात जाऊ शकतो. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा पाहिलेल्या लोकांना हे समजवावे लागत नाही.

विम्याचे प्रमाणपत्र कंत्राटदाराकडून घेऊ नका, ते विमा कंपनीकडून थेट तुम्हाला यायला हवे. त्यात मालमत्तेच्या नुकसानीचा आणि कामगारांचा असे दोन्ही विमे पाहा. तराफ्यावर किंवा जहाजे चालणाऱ्या पाण्यावर काम करणाऱ्या मजुरांना राज्याच्या कामगार-भरपाईऐवजी १९२७ चा केंद्रीय कायदा लागू होऊ शकतो आणि त्याचे संरक्षण पॉलिसीत वेगळे नमूद असावे लागते. अनेक लहान कंत्राटदार ते घेत नाहीत, कारण महाग पडते. तुमच्या ३८,४०० च्या दरपत्रकात स्वस्ताईचा एक भाग तिथूनही आलेला असू शकतो, विचारून बघा.

आणखी एक कलम. जमीन अपेक्षेपेक्षा मऊ निघाली आणि लांब खांब लागले, तर जादा फुटामागे दर काय, तो आजच करारात लिहून घ्या. ठोकणे चालू असताना, तराफ्याचे भाडे दर तासाला चढत असताना केलेली घासाघीस मालकाला कधीच परवडत नाही.


घरकोंबडा

हे सगळे वाचून वाटते की आपल्या खाडीकिनारी माणसाने गुपचूप चार माडाचे ओंडके टाकून होडी बांधावी हेच बरे. गुहागरकडे आमची वडिलोपार्जित जागा आहे, तिथे असा धक्का करता येईल का?


मचवा

ओंडके टाकणारे टाकतात, त्यावर मी सल्ला देणार नाही. रीतसर करायचे म्हटले, तर भरतीरेषेलगतचा पट्टा २०१९ च्या किनारी नियमन अधिसूचनेखाली येतो आणि धक्क्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडेही जावे लागते. खारफुटी असेल, तर तिला हात लावायचा विचार सोडून द्या, उच्च न्यायालयाचे आदेश अतिशय कडक आहेत. तुमचा प्रश्न वेगळ्या धाग्याचा आहे, इथे ताईंचे काम होऊ द्या.


ओहोटी (धागाकर्ती)

धागा सात महिन्यांनी वर आणते आहे, कारण काम उभे राहिले आणि तुम्हा सर्वांना हिशेब देणे लागते.

तुमचे प्रतिसाद वाचून मी एका पानाचे टिपण तयार केले. त्यात नळाने घेतलेली मापे, खांबांची किमान लांबी आणि औषधाचे प्रमाण, घट्ट जमिनीत ८ फूट रोवणे, आरपार बोल्ट, टोप्या, यंत्र पाण्यातूनच आणणे, जुने खांब काढणे, वीजकाम वेगळे, आणि हप्त्यांचा क्रम एवढे होते. ते तिघांनाही पाठवून याच धक्क्याचा दर पुन्हा द्यावा अशी विनंती केली. पहिल्याचे उत्तर आलेच नाही. दुसऱ्याचा दर ५२,००० वरून ६३,२०० झाला. तिसऱ्याचा ६१,५०० वरून ६२,३०० झाला, आणि त्या आठशे डॉलरांचे कारण त्यांनी लिहून दिले : आमच्या मापांप्रमाणे टोकाचे दोन खांब आणखी लांब घ्यावे लागतील. काम त्यांना दिले. यजमान अजूनही म्हणतात की मधलाच घेतला.

खांब ठोकण्याच्या दिवशी मी रजा घेऊन काठावर बसले होते. सकाळी साडेसातला तराफा आला. पहिला टोकाचा खांब क्रेनने उभा केला, दोरी सैल सोडली, आणि तो काहीही आवाज न करता, बुडबुडे काढत, नऊ फूट खाली गेला. आमच्या नळाइतकाच. मुकादमाने माझ्याकडे बघून मान डोलावली. मग घण सुरू झाला. खांबावर फुटाफुटाला खडूच्या खुणा केलेल्या होत्या आणि मी वहीत ठोके लिहीत होते. घट्ट जमिनीतल्या पहिल्या फुटाला चार ठोके, तिसऱ्याला नऊ, आठव्याला एकवीस. उचलयंत्राचा एक खांब मात्र थांबेना. आठ फूट झाले तरी ठोक्याला दोन इंच उतरतच होता. त्यांनी काम थांबवले, तो खांब उपटून तराफ्यावरचा ३५ फुटी खांब लावला. जादा पाच फुटांचे बिल करारातल्या दरानेच आले आणि त्यावर कोणाचाही आवाज चढला नाही.

तक्रारीची एकच जागा राहिली. शेवटच्या दिवशी चौथऱ्याच्या खांबांवर टोप्या बसवताना खाली औषध लावलेले नव्हते. सुतारपक्षी यांचा प्रतिसाद फोनवर उघडून मी त्यातला मजकूर इंग्रजीत सांगितला. सहा टोप्या काढून पुन्हा बसवल्या. शेवटचा हप्ता अजून माझ्याकडेच होता.


मचवा

फार छान काम केलेत. ठोक्यांची ती वही जपून ठेवा, घर विकताना विकत घेणाऱ्याला दाखवता येईल. आता एवढेच करा : या थंडीआधी सगळ्या खांबांच्या डोक्यांवरून एक दोरी ताणून, पाणसळ लावून प्रत्येकाची उंची टिपून ठेवा. मार्चमध्ये बर्फ गेल्यावर तीच दोरी पुन्हा लावा आणि कोणता खांब किती उचलला गेला ते इथे लिहा. तो ३५ फुटी खांब हलला की नाही, याची मला फार उत्सुकता आहे.


ओहोटी (धागाकर्ती)

काका, दोरी आणली आहे. रविवारी ताणतो. जुन्या चार खांबांपैकी एक मात्र आम्ही काढू दिला नाही. तो बगळ्याचा आहे.